मुळांवरच्या गाठी

नागपूरच्या गांधीबागेत राहणाऱ्या मुलांना सोयाबीनचे उभे शेत सहसा पाहावयास मिळत नाही. तेथे कापडाची ठोक दुकाने आणि दिवसभर माणसांची वर्दळ. तरीही त्यांच्या घरी फोडणीला पडणारे तेल पुष्कळदा सोयाबीनचेच असते. उमरेडच्या किंवा काटोलच्या वाटेने शहराबाहेर पडले, की पावसाळ्यात या पिकाची हिरवी शेते दिसू लागतात. तेथील एखादे रोप मुळांसकट हलकेच उपटावे. मुळांना ज्वारीच्या दाण्यांसारख्या गोल गाठी चिकटलेल्या आढळतील. नवख्याला तो रोग वाटतो; जाणता शेतकरी मात्र त्या पाहून समाधान पावतो.

वनस्पतींच्या वाढीला नत्र लागते. हवेच्या 100 भागांपैकी 78 भाग नत्रच असते; परंतु वनस्पतींना ते हवेतून घेता येत नाही. भरल्या घरात उपाशी राहावे, तशी त्यांची स्थिती होते. कारखान्यात हवेतील नत्रापासून खत करावयाचे, तर 400 अंशांच्या आसपास उष्णता आणि प्रचंड दाब लागतो. तेच काम या गाठींत राहणारे जिवाणू जमिनीच्या साध्या उबेत करतात! त्यांना रायझोबियम म्हणतात. रोप त्यांना साखर पुरविते आणि ते रोपाला नत्र देतात. ही गोष्ट जर्मनीतील हेलरीगेल या शास्त्रज्ञाने 1886 साली जगापुढे मांडली.

मात्र हरभऱ्याचे जिवाणू सोयाबीनला उपयोगी पडत नाहीत. सोयाबीन मूळचे चीनकडील. विदर्भात ते मोठ्या प्रमाणावर अलीकडच्या काही दशकांतच आले. म्हणून त्याचे सोबती पेरणीच्या वेळी बियाण्याबरोबरच द्यावे लागतात. 10 किलो बियाण्यास 250 ग्रॅम जिवाणू संवर्धक, असे प्रमाण नेहमी सांगितले जाते. गुळाच्या थंड केलेल्या पाण्यात ते कालवून बियाण्यास हलक्या हाताने लावतात. सोयाबीनचे साल फार नाजूक असते; जोराने चोळले, तर ते सुटते आणि बी वाया जाते. नंतर बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरतात.

पुडीत भुकटी दिसली, तरी आत असतात ते जीव. कडक उन्हात ठेवलेली किंवा मुदत संपलेली पुडी म्हणजे निव्वळ माती. बुरशीनाशक औषध लावावयाचे असल्यास ते आधी लावतात, संवर्धक सर्वांत शेवटी. पिकाला युरिया वारेमाप घातला, तरीही गाठी कमी धरतात. आयते मिळाल्यावर रोप त्या सोबत्यांना कशाला पोसेल?

पेरणीनंतर सुमारे चाळीस दिवसांनी एक गाठ नखाने फोडून पाहावी. आत गुलाबी रंग दिसला, तर नत्राचे काम चालू आहे. आपल्या रक्तातील लाल द्रव्याशी नाते सांगणाऱ्या एका द्रव्याचा तो रंग होय. त्या वेळी गाठ आतून पांढरी किंवा हिरवट निघाली, तर तिच्यात काम चाललेले नाही.