एका समीक्षकाचे दहा चित्रपट

‘सर्वकालीन श्रेष्ठ चित्रपटां’ची यादी हाती आली की आपण त्यातले पाहिलेले किती ते मोजतो आणि पान उलटतो. माझ्या मते अशी यादी संपूर्ण आणि क्रमाने पाहायला हवी. ती आव्हान म्हणून स्वीकारली तर समीक्षकाची नजर कळते आणि आपलीही तपासली जाते.

मी त्यासाठी रॉजर एबर्ट यांची यादी निवडली. 1967पासून ‘शिकागो सन-टाइम्स’मध्ये लिहिणारे एबर्ट हे पुलित्झर मिळवणारे (1975) पहिले चित्रपट समीक्षक. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश मासिक 1952पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेते. 2012च्या कौलात एबर्ट यांनी दिलेली दहा नावे कालक्रमाने अशी: ‘द जनरल’ (1926), ‘सिटिझन केन’ (1941), ‘टोकियो स्टोरी’ (1953), ‘व्हर्टिगो’ (1958), ‘ला डोल्चे व्हिटा’ (1960), ‘2001: अ स्पेस ओडिसी’ (1968), ‘अगिरे, द रॅथ ऑफ गॉड’ (1972), ‘अपोकॅलिप्स नाऊ’ (1979), ‘रेजिंग बुल’ (1980) आणि ‘द ट्री ऑफ लाइफ’ (2011). एकूण वेळ एकवीस-बावीस तास. दर रविवारी एक, असे दहा आठवडे मी ते पाहिले.

कालक्रमाने पाहिल्यास माध्यम कसे वाढले ते दिसते. ‘द जनरल’मध्ये बस्टर कीटनने जळत्या पुलावरून खरेखुरे इंजिन नदीत पाडले. ‘केन’मध्ये घरात आई मुलाला दुसऱ्याच्या हवाली करणाऱ्या कागदांवर सही करते आणि मागच्या खिडकीतून तोच मुलगा बर्फात खेळताना स्पष्ट दिसतो. एका चौकटीत दोन आयुष्ये!

मला सर्वांत जवळचा वाटला तो ओझू यांचा ‘टोकियो स्टोरी’. म्हातारे आई-वडील मुलांकडे येतात. मुलांना सवड नाही. ‘नटसम्राट’ (1970) ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा विषय परका नाही. पण बेलवलकरांचे दुःख गर्जते. ओझूंचे म्हातारा-म्हातारी हसून ‘ठीक आहे’ म्हणतात. दोष कोणावर ठेवावा हेच कळत नाही, आणि म्हणून तो प्रेक्षकाच्या स्वतःच्या घरापर्यंत पोचतो.

‘ला डोल्चे व्हिटा’बद्दल एबर्ट यांनी लिहिले आहे, की आयुष्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर पाहताना नायक मार्चेल्लो त्यांना कधी हेवा वाटावा असा, कधी स्वतःसारखा, तर कधी दयनीय वाटला. चित्रपट तोच होता, वय बदलले होते. पन्नाशी ओलांडलेल्या मला हे मनापासून पटते.

मात्र यादी म्हणजे निवाडा नव्हे. दहापैकी सात चित्रपट इंग्रजी भाषक जगातले. भारतीय एकही नाही, स्त्री दिग्दर्शकाचा एकही नाही. 2022च्या कौलात मात्र शांताल आकेरमान यांचा ‘जान डिलमन’ (1975) पहिला आला. 1958 साली थंड स्वागत झालेला ‘व्हर्टिगो’ही 2012च्या कौलात पहिला होता. थोडक्यात, श्रेष्ठता पाहणाऱ्यांबरोबर सरकत असते.

वाचकांना सुचवावेसे वाटते: कोणाही एका जाणत्या समीक्षकाची यादी घ्या. आधी चित्रपट पाहा, चार ओळी स्वतः लिहा, मगच त्याचे परीक्षण वाचा. जिथे तुमचे त्याच्याशी पटत नाही, तिथे जरा थांबा. तुमची स्वतःची यादी तिथूनच सुरू होते.