पान पिवळं की टीव्ही पिवळा?

गेल्या खरिपातली गोष्ट. एका गावात ग्रामपंचायतीच्या सभागृहात सोयाबीनची सभा लावली होती. भिंतीवर ४३ इंची टीव्ही, त्याला इंटरनेटवरचे व्हिडिओ दाखवणारी छोटी स्ट्रीमिंग पेटी. मी लोहाच्या कमतरतेचा व्हिडिओ लावला. पडद्यावर पान आलं ते हळद फासल्यासारखं पिवळंजर्द. मागून कुणीतरी म्हणालं, "हा तर मोझॅक!" झालं, पांढऱ्या माशीचं औषध कुठलं आणायचं यावरच चर्चा सुरू. तेवढ्यात एक मावशी उठल्या. पिशवीतून आपल्या वावरातलं पान काढून त्यांनी पडद्याशेजारी धरलं. "साहेब, पान एवढं पिवळं न्हाई. तुमचा टीव्हीच पिवळा हाय."

मावशींचं बरोबर होतं. लोह कमी पडलं की शेंड्याकडची कोवळी पानं फिकट होतात, पण शिरा हिरव्या राहतात. पिवळ्या मोझॅकमध्ये पानावर पिवळे-हिरवे वेडेवाकडे चट्टे पडतात आणि रोग पांढरी माशी पसरवते. पहिल्याला फेरस सल्फेटची फवारणी, दुसऱ्याला रोगट झाडं उपटणं आणि माशीचा बंदोबस्त. चुकीचं ओळखलं तर औषधाचे पैसे पाण्यात. आमच्या पडद्यावर फिकट रंग भडक झाला होता आणि बारीक हिरव्या शिरा उजेडात पुसून गेल्या होत्या.

टीव्ही उघडून पाहिला तर चित्राचा प्रकार 'व्हिविड'. काही संचांत यालाच 'डायनॅमिक' म्हणतात. दुकानातल्या झगझगीत दिव्यांत गिऱ्हाईकाचा डोळा आपल्याकडे वळावा, यासाठीची ही सोय. सभागृहात तिचा उपयोग नाही. पिक्चर मोडमध्ये जाऊन 'मूव्ही', 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' निवडा. पहिल्या दिवशी चित्र मळकट, थोडं तांबूस वाटेल. दोन दिवसांत डोळा बसतो. कलर टेम्परेचर 'वॉर्म' ठेवा, 'कूल'मध्ये सगळ्यावर निळसर झाक येते. शार्पनेस बराच खाली आणा. तो वाढवला म्हणजे चित्र स्वच्छ होतं हा गैरसमज आहे. वाढवल्यावर शिरांच्या कडेनं पांढरी रेघ उमटते आणि ती पानावर मुळात नसतेच.

दिवसा खिडक्या उघड्या असताना चित्र अंधूक वाटलं तर 'बॅकलाइट' वाढवा. 'ब्राइटनेस' बऱ्याच संचांत काळ्या रंगाची पातळी ठरवतो. तो चढवला की काळी जमीन राखेसारखी दिसते. (काही कंपन्या बॅकलाइटलाच ब्राइटनेस म्हणतात, म्हणून थोडं फिरवून पाहावं.) चित्र लोण्यासारखं गुळगुळीत सरकवणारी 'मोशन'ची सोय मी बंदच करतो.

हे सगळं पेटी जोडलेल्या एचडीएमआय इनपुटवर राहून करा. बऱ्याच टीव्हींत प्रत्येक इनपुटचं सेटिंग वेगळं असतं. डिशच्या इनपुटवर केलेली मेहनत पेटीला लागू होत नाही. मी एकदा अर्धा तास असाच घालवला आहे.

आता पेटी. रिझोल्यूशन 'ऑटो' ठेवा, टीव्ही झेपेल तेवढंच ती पाठवेल. काही पेट्यांत एचडीआर 'कायम चालू' असतो. त्यामुळे साध्या कॅमेऱ्यानं काढलेले शेतीचे व्हिडिओ कधी भडक, कधी निस्तेज दिसतात. 'ॲडॅप्टिव्ह' किंवा 'मॅच कंटेंट' असं काही दिसलं तर ते निवडा. पेटी टीव्हीच्या यूएसबीवर चालवू नका, तिच्यासोबत आलेला ॲडॅप्टर भिंतीच्या प्लगात लावा. वीज कमी पडली की ती मध्येच बंद होऊन सुरू होते. आणि गावातलं नेट पाहून हाव धरा. नेटफ्लिक्सच्याच सल्ल्यानुसार फोर-के चित्राला १५ एमबीपीएस वेग लागतो, फुल एचडीला ५. अडखळणाऱ्या फोर-केपेक्षा न थांबणारं फुल एचडी सभेला कधीही बरं.

एक गोष्ट मात्र सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांनी आजच तपासावी. काही टीव्ही चित्र थोडं मोठं करून चारही कडा कापतात. व्हिडिओत औषधाचं प्रमाण बहुधा तळाच्या ओळीत लिहिलेलं असतं. आमच्याकडे 'ग्रॅम' दिसत होतं, पण 'प्रति १० लिटर पाणी' पडद्याखाली गडप! कुणी तेवढेच ग्रॅम १५ लिटरच्या पंपात टाकले, तर कुणी एका लिटरला, तर काय होईल ते सांगायला नको. पिक्चर साइजमध्ये 'स्क्रीन फिट' किंवा 'जस्ट स्कॅन' असेल ते चालू करा. 'आमची माती, आमची माणसं'च्या काळातलं जुनं चौकोनी चित्रण लावलं तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, त्या येऊ द्या. ताणून रुंद केलं तर काकडीचा भोपळा दिसतो.

एवढं करूनही पडद्यावरच्या रंगावरून औषध ठरवू नका. सभेला येताना दोन-तीन पानं, जमलं तर मुळासकट झाड घेऊन या. मावशींचं ते पान शेवटी हातात घेऊनच पाहिलं. शिरा हिरव्यागार होत्या, कमतरता लोहाचीच निघाली.

त्या सभागृहातल्या टीव्हीमागं आता सगळी सेटिंग लिहिलेला कागद चिकटवला आहे. क्रिकेटचा सामना असला की पोरं पुन्हा व्हिविड करतात. म्हणून सभेच्या आधी पाच मिनिटं लवकर जातो आणि आधी रिमोट ताब्यात घेतो.