अनवाणी पाय आणि घड्याळ

गेल्या कांहीं वर्षांत धांवण्याच्या शर्यतींत महाराष्ट्रीय तरुण-तरुणींनीं जें यश संपादन केलें, त्याची वार्ता पोंचली नाहीं असें सुशिक्षित घर क्वचितच सांपडेल. बीड जिल्ह्यांतील श्री. अविनाश साबळे यांनीं २०२३ सालीं चीनमधील हांगझोऊ येथें आशियाई क्रीडास्पर्धेंत तीन हजार मीटरांच्या अडथळ्यांच्या शर्यतींत सुवर्णपदक मिळविलें. २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांत याच शर्यतीच्या अंतिम फेरींत पोंचणारे ते पहिले भारतीय पुरुष ठरले. आणि २०२५ च्या मे महिन्यांत दक्षिण कोरियांतील गुमी येथें आशियाई अजिंक्यपदाचें सुवर्णपदकही त्यांच्या गळ्यांत पडलें. अशी वार्ता आली कीं घरोघर आनंद होतो, मंडळी दूरचित्रवाणीपुढें बसून टाळ्या वाजवितात, वडीलधारे "शाबास!" म्हणतात. आणि दुसरे दिवशीं सकाळीं घरांतलें पोर अंगणांत धांवूं लागलें कीं तींच वडीलधारीं माणसें म्हणतात, "अरे, धांवतोस कशाला? पडशील ना! आणि अभ्यास कोण करणार?" ह्या विसंगतीविषयींच आज आम्हांस वाचकांशीं चार शब्द बोलावयाचे आहेत.

ह्या यशाचें मूळ शोधूं गेल्यास शंभराहून अधिक वर्षें मागें, पुण्यांतील एका स्थानिक संस्थेच्या मैदानावर जावें लागतें. ती संस्था म्हणजे १९०६ सालीं स्थापन झालेला डेक्कन जिमखाना. पुण्याच्या शिकल्यासवरलेल्या मंडळींनीं तो उभारला. आणि त्याचें अध्यक्षपद सर दोराबजी टाटा यांजकडे आलें. दोराबजींचें कांहीं शिक्षण केंब्रिज येथें झालेलें. तेथील मैदानी खेळांची गोडी त्यांच्या अंगीं पूर्णपणें मुरलेली. जिमखान्याच्या वार्षिक सामन्यांस ते उपस्थित राहिले तेव्हां त्यांच्या दृष्टीस एक विलक्षण देखावा पडला. लांब पल्ल्याच्या शर्यतींत जे उतरले होते, त्यांत पुष्कळसे खेड्यांतून आलेले शेतकरी होते. पायांत जोडे नाहींत, शिक्षकाचें मार्गदर्शन नाहीं, युरोपांतील नियमांची तोंडओळखही नाहीं. आणि असें असून त्यांनीं घेतलेला वेळ युरोपांतील नामांकित धांवपटूंच्या वेळेच्या जवळपास येत होता! ही हकीकत दोराबजींनीं पुढें १९२९ सालीं आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांस लिहिलेल्या पत्रांत नमूद केली आहे.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें अशी आमची विनंति आहे. आमच्या देशांत धांवणारे कांहीं १९१९ सालीं जन्मास आले नव्हते. पेशवाईंतील जासूद धांवत होते, डाकेच्या थैल्या घेऊन हरकारे घाट चढत-उतरत होते, गुरांमागें पोरें धांवत होतीं. परंतु त्यांचें धांवणें कोणीं मोजलें नव्हतें. जिमखान्यानें दोनच गोष्टी केल्या. एक, आपलें मैदान त्या अनवाणी पायांस मोकळें केलें. आणि दुसरी, त्या पायांस घड्याळ लावलें. दिसावयास ह्या गोष्टी क्षुल्लक आहेत. पण घड्याळानें सांगितलेला आंकडा हातीं होता, म्हणूनच दोराबजींस "आमचीं माणसें जगाच्या स्पर्धेंत उतरण्यास योग्य आहेत" असें ठामपणें म्हणतां आलें. मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांची मदत घेऊन त्यांनीं हिंदुस्थानास ऑलिंपिकचें निमंत्रण मिळविलें, पदरचे पैसे घातले, आणि १९२० सालीं बेल्जममधील अँटवर्प येथें आपल्या देशाचा पहिला संघ रवाना झाला.

त्या संघांत अवघे सहा खेळाडू होते: बंगालचे पुर्मा बॅनर्जी; लांब पल्ल्याचे चौगुले, दातार व कैकाडी; आणि शिंदे व नवले हे दोन मल्ल. पैकी बेळगांवचे फडेप्पा दारेप्पा चौगुले यांची कथा विशेष सांगण्याजोगी आहे. २२ ऑगस्ट १९२० रोजीं अँटवर्पची मॅरेथॉन शर्यत झाली. तिचें अंतर ४२.७५ किलोमीटर होतें. ऑलिंपिकच्या इतिहासांत इतकी लांब मॅरेथॉन त्यापूर्वीं झाली नव्हती व त्यानंतरही झालेली नाहीं. हवा पावसाळी व गार होती. फिन्लंडचा कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटें ३५.८ सेकंदांत पहिला आला. चौगुले यांनीं २ तास ५० मिनिटें ४५.४ सेकंदांत शर्यत पुरी केली व त्यांचा क्रमांक एकोणिसावा लागला. त्याच सामन्यांत मल्ल रणधीर शिंदे चौथे आले. कांस्यपदक थोडक्यांत हुकलें.

"एकोणिसावा क्रमांक! मग त्यांत यश तें काय?" असें कोणी विचारील. प्रश्न गैर नाहीं. चौगुले विजेत्याच्या अठरा मिनिटें मागें होते, ही गोष्ट झांकून ठेवण्यांत कांहीं अर्थ नाहीं. परंतु ह्याच अँटवर्पमध्यें पाव्हो नुर्मी नांवाच्या फिनिश तरुणानें आपलें पहिलें ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविलें, आणि हाच नुर्मी पुढें हातांत घड्याळ धरून धांवण्याबद्दल जगभर प्रसिद्ध झाला. ज्या राष्ट्रांत धांवणारा स्वतःच्या प्रत्येक फेरीचा हिशेब ठेवीत होता, त्या राष्ट्राच्या माणसांबरोबर एक बेळगांवकर उतरला आणि ४२ किलोमीटरांनंतर अठरा मिनिटांच्या अंतरावर शेवटपर्यंत टिकून राहिला. हें अंतर प्रथमच मोजलें गेलें हेंच त्या शर्यतीचें फळ होय. रोग किती हें कळल्यावांचून औषधाची मात्रा ठरत नाहीं. तसेंच उणेपणा किती हें कळल्यावांचून तालीमही ठरत नाहीं. पुढें १९२७ सालीं भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली व दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. एका गांवच्या मैदानावर लावलेलें रोप असें देशभर वाढलें.

आतां अलीकडच्या काळाकडे वळूं. गेल्या पंधरा वर्षांत ज्या तीन महाराष्ट्रीय धांवपटूंनीं जगाचें लक्ष वेधलें, त्यांचीं जन्मस्थानें पाहिलीं असतां चौगुल्यांच्या काळाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

नाशिक जिल्ह्यांतील सावरपाडा ह्या आदिवासी पाड्यावर कविता राऊत यांचें बालपण गेलें. घरचें पाणी दुरून डोक्यावर वाहून आणावें लागे. धांवण्याचा खेळ त्यांनीं निवडला, कारण त्यास कांहींच साहित्य लागत नाहीं, जोडेही लागत नाहींत! नाशिकला विजेंद्र सिंग नांवाच्या शिक्षकाची दृष्टि ह्या मुलीवर पडली. २०१० सालीं दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेंत दहा हजार मीटरांच्या शर्यतींत कविताताईंनीं कांस्यपदक मिळविलें, आणि पुढच्याच महिन्यांत चीनमधील ग्वांगझाऊच्या आशियाई स्पर्धेंत रौप्यपदक. तेथें त्यांचा वेळ ३१ मिनिटें ५१.४४ सेकंद होता. सुवर्णपदक मिळविणाऱ्या प्रीजा श्रीधरन याही भारतीयच, आणि दोघींमधील अंतर एक सेकंदाहूनही कमी होतें.

सातारा जिल्ह्यांतील माण तालुका अवर्षणासाठीं प्रसिद्ध. तेथील मोही गांवच्या ललिता बाबर शाळेंत खो-खो खेळत. मुंबईच्या मॅरेथॉनमध्यें भारतीय महिलांत त्या ओळीनें तीन वर्षें पहिल्या आल्या. मग त्या अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळल्या. ही शर्यत फार खडतर आहे. तीन हजार मीटरांत न पडणारे अठ्ठावीस अडथळे आणि पाण्याच्या सात उड्या घ्याव्या लागतात. पाय अडखळला कीं अडथळा पडत नाहीं, धांवणाराच पडतो. ललिताताईंनीं २०१५ सालीं आशियाई अजिंक्यपद मिळविलें आणि २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिकमध्यें ९ मिनिटें १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय उच्चांक करून अंतिम फेरी गांठली. तेथें त्या दहाव्या आल्या. ऑलिंपिकमध्यें धांवपट्टीवरील वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरींत भारतीय स्त्री उतरली, ती १९८४ सालच्या पी. टी. उषा यांच्यानंतर प्रथमच.

आणि साबळे? आष्टी तालुक्यांतील मांडवा हें त्यांचें गांव. आईबाप वीटभट्टीवर राबणारे. शाळा घरापासून सहा किलोमीटर दूर आणि वाहनाची सोय नाहीं, तेव्हां पायीं जाणें किंवा धांवणें आलेंच. पुढें ते सैन्यांत शिरले, सियाचेनच्या बर्फांत पहारा केला, आणि वयाच्या विशीनंतर सैन्यांतील शर्यतींच्या निमित्तानें प्रथम स्पर्धेंत उतरले. तेथें अमरीश कुमार ह्या सैनिकी शिक्षकानें त्यांस अडथळ्यांच्या शर्यतीकडे नेलें. २०१८ सालीं त्यांनीं गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय उच्चांक मोडला. २०२२ सालीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत ८ मिनिटें ११.२० सेकंदांत त्यांनीं रौप्यपदक मिळविलें. सुवर्णपदक अवघ्या ०.०५ सेकंदानें, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या भागानें, हुकलें. त्यापूर्वींच्या सहा राष्ट्रकुल स्पर्धांत ह्या शर्यतींतील तिन्ही पदकें केन्यानेंच नेलीं होतीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या रौप्यपदकाचें मोल कळतें.

ह्या तिघांच्याही कथेंत एक माणूस सारखाच आढळतो. तो म्हणजे योग्य वेळीं भेटलेला, घड्याळ धरणारा माणूस. आणि येथेंच आमचें मन अस्वस्थ होतें. साबळे सैन्यांत गेले नसते तर? विजेंद्र सिंग नाशिकला नसते तर? ज्यांना असा माणूस भेटला त्यांचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत. ज्यांना भेटला नाहीं, त्यांची गणती कोणत्याच वहींत नाहीं. आजही भल्या पहाटें कोणत्याही तालुक्याच्या रस्त्यावर जावें. पोलीस भरतीच्या आशेनें मुलांचे व मुलींचे जथे धांवतांना दिसतील. मुलांस सोळाशें मीटर व मुलींस आठशें मीटर धांवून दाखवावें लागतें. भरतीच्या दिवशीं त्यांस एकदां घड्याळ लागतें. जागा मिळाली तर ठीक, न मिळाली तर तो आंकडा आणि ते पाय दोन्ही विस्मृतींत जातात.

मग आपण काय करावें? पदकें सर्वांस मिळणार नाहींत, हें आम्ही जाणून आहों. आणि परीक्षा सोडून सर्वांनीं मैदानावरच जावें असेंही आमचें म्हणणें नाहीं. आमचें मागणें अगदीं माफक आहे. आपल्या गांवांत, आपल्या पेठेंत एखादी व्यायामशाळा किंवा धांवणाऱ्यांचें मंडळ असेलच. त्यांनीं महिन्यांतून एकदां, ठरलेल्या अंतरावर, प्रत्येक मुलामुलीचा वेळ मोजावा आणि वहींत लिहून ठेवावा. त्या वहींत नांव लिहितांना फी कोणीं दिली व कोणीं दिली नाहीं हें पाहूं नये. आपल्या घरीं भांडीं घासावयास येणाऱ्या बाईंची मुलगी त्या रविवारीं आपल्या मुलीबरोबर मैदानावर गेली, तर डेक्कन जिमखान्यानें १९१९ सालीं जें केलें तेंच आपण केलें असें होईल.

माताभगिनींस आमचें आणखी एक सांगणें आहे. मुलगी वयांत आली कीं तिचें धांवणें बंद होतें, आणि तें बहुधा मैदानावर नव्हे, घरांतच बंद होतें. सकाळचा एक तास तिला द्यावा. ती लवकर दमूं लागली तर "नाजूक आहे" असें म्हणून बसवूं नये. आपल्या इकडील मुलींत रक्तांतील लोह कमी असणें फार आढळतें, तेव्हां वैद्यांकडून रक्त तपासून घ्यावें. भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी, दूध हाच तिचा आहार. त्यासाठीं परदेशी डब्यांची गरज नाहीं. आणि वाढत्या वयांत मुलांस मॅरेथॉनसारख्या लांब शर्यतींत उतरविण्याची घाई मात्र करूं नये. हाडें व सांधे पक्के होईपर्यंत आंखूड पल्लेच बरे.

१९२० सालीं अँटवर्पच्या पावसांत चौगुले धांवत होते, तेव्हां त्यांच्या पुढें अठरा मिनिटांचें अंतर होतें. २०२२ सालीं बर्मिंगहॅमला साबळ्यांच्या पुढें सेकंदाचा विसावा भाग उरला. शर्यती निराळ्या आहेत, पल्ले निराळे आहेत, हें आम्हांस मान्य आहे. तरी शंभर वर्षांत आमच्या मातींतल्या पायांनीं केवढी मजल मारली, हें त्यावरून ध्यानांत येईल. हें सर्व घडलें तें कोणीतरी एकदां मैदानाच्या कडेला घड्याळ हातांत घेऊन उभा राहिला म्हणून. येत्या रविवारीं सकाळीं आमच्या वाचकांपैकीं दहा जण जरी असे उभे राहिले, तरी ह्या लेखाचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.