घाम आला, पण सुकला नाही

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसे तासन् तास उन्हात बसली होती. जवळच्या हवामान केंद्रावर त्या दिवशी कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला. विदर्भात पारा ४५ वर जातो, मग इथे ३८ अंशांत माणसे कशी दगावली, असा प्रश्न अनेकांना पडला. त्याचे उत्तर आपल्या शरीरातील पाणी आणि कार्बन यांच्या रसायनशास्त्रात आहे.

साठ किलोच्या माणसात साधारण ३६ लिटर पाणी आणि ११ किलो कार्बन असतो. आधी पाण्याचे पाहू. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक आणि हायड्रोजनचे दोन अणू असतात. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे त्याची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनची किंचित धन होते. मग एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनला धरून ठेवतो. हा हायड्रोजन बंध. रेणूच्या आतल्या बंधाच्या तुलनेत त्याचा जोर जेमतेम विसाव्या हिश्शाचा. पण थेंबाथेंबात असे अगणित बंध असतात. पाण्याची वाफ व्हायची तर ते सुटावे लागतात आणि त्यासाठी लागणारी उष्णता घाम आपल्या त्वचेतून घेतो.

एक लिटर घाम सुकताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे चहाच्या कपाएवढा, १०० मिलिलिटर घाम सुकला, तर साठ किलोच्या शरीराचे तापमान एक अंशाने उतरेल इतकी उष्णता निघून जाते. हवा त्वचेपेक्षा गरम असली, की शरीर थंड ठेवायला हा एकच मार्ग उरतो.

मात्र घाम येऊन भागत नाही, तो सुकावा लागतो. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तो चटकन सुकतो. तिथेही उष्माघात होतोच, पण घामाची मदत मिळते. आपण खाडीकाठी राहतो. इथल्या हवेत आधीच बाष्प भरलेले असते, त्यामुळे घाम अंगावरून निथळतो. निथळलेल्या घामाबरोबर पाणी आणि मीठ जाते, उष्णता मात्र अंगातच राहते. म्हणूनच उष्णतेची लाट ठरवताना हवामान खाते मैदानी भागात किमान ४० अंश, तर किनारपट्टीवर ३७ अंश कमाल तापमान धरते.

आता कार्बन. कार्बनचा अणू चार बंध जोडू शकतो, म्हणून त्याच्या लांबलचक साखळ्या बनतात. प्रथिने अशाच साखळ्या. साखळी मजबूत असते, पण ती ठरावीक घडीत दुमडली तरच प्रथिन काम करते. ही घडी टिकते ती बऱ्याच अंशी त्याच नाजूक हायड्रोजन बंधांवर आणि पाण्यापासून अंग चोरणाऱ्या तेलकट भागांवर. शरीराचे आतले तापमान ४० अंशांपुढे गेले, की नाजूक प्रथिनांच्या घड्या विस्कटू लागतात, पेशींची आवरणे ढिली पडतात. मेंदूवर परिणाम लवकर दिसतो: माणूस बरळतो, झटके येतात, शुद्ध हरपते. उकडलेल्या अंड्याचा पांढरा बलक आठवा. त्यातली साखळी तुटलेली नसते, फक्त घडी मोडलेली असते. तरी तो पुन्हा पातळ होत नाही. अंड्याला याहून बरीच जास्त उष्णता लागते, पण धडा तोच. उष्माघातात एकेक मिनिट मोलाचे असते ते यामुळे.

पुष्कळदा नातेवाईक सांगतात, ‘तापाची गोळी दिली, डॉक्टर.’ उष्माघातात तिचा उपयोग नाही. तापात मेंदू स्वतःच शरीराचे तापमान वर नेऊन ठेवतो आणि गोळी ते खाली आणते. उष्माघातात शरीराची थंड होण्याची यंत्रणाच कोलमडलेली असते. म्हणून रुग्णाला ताबडतोब सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता आणि जोराने वारा घाला. वाऱ्याने त्वचेलगतची दमट हवा हटते, पाणी सुकू लागते. मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवा. १०८ ला फोन करा; रुग्णवाहिका येईपर्यंत पाणी ओतणे आणि वारा घालणे थांबवू नका. पूर्ण शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

उन्हात जायचेच असेल तर उपाशीपोटी जाऊ नका. सोबत पाणी आणि ओआरएस ठेवा. त्यातली साखर आणि मीठ आतड्याच्या भिंतीतून एकत्र आत जातात आणि पाण्याला मागोमाग ओढून नेतात. पण पाणी प्यायलो म्हणजे उन्हात कितीही वेळ बसता येते, असे नाही. अंगावरून घाम निथळतो आहे आणि सुकत नाही, हे जाणवले की कार्यक्रम कितीही महत्त्वाचा असो, उठून सावली गाठा.