विश्लेषण : कामानिमित्त मुंबईत मुक्काम, स्वस्त खोली खरेच स्वस्त पडते का?

कोल्हापूर, नाशिक, जळगावहून कामासाठी मुंबईला येणारे छोटे व्यावसायिक आणि विक्री प्रतिनिधी खोली निवडताना आधी भाडे बघतात. एकूण खर्च मात्र आणखी तीन गोष्टींवर ठरतो.

कर किती?
दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ ऐवजी ५ टक्के जीएसटी लागतो. अडीच हजारांच्या खोलीचे बिल २,८०० वरून २,६२५ रुपयांवर आले. मात्र आता हॉटेलला स्वतःच्या खरेदीवर ‘इनपुट टॅक्स क्रेडिट’ मिळत नाही. खिशातून पैसे भरणाऱ्याचे १७५ रुपये वाचतात. पण पूर्वी ३०० रुपयांचे क्रेडिट घेणाऱ्या राज्यातील नोंदणीकृत व्यावसायिकाला आता १२५ रुपयांचे क्रेडिट घेता येते, त्यामुळे त्याला तीच खोली पूर्वीइतक्याच खर्चात पडते.

जागा कुठे?
बैठक बीकेसीत असली, तरी मुक्काम तिथेच हवा असे नाही. आरे ते कफ परेड मेट्रो-३ ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण मार्गावर धावते. मरोळ नाका किंवा दादर स्थानकाजवळ राहिल्यास टॅक्सीविना बीकेसी गाठता येते.

खोली कधी मिळणार?
रात्रीची गाडी सकाळी पोहोचते, खोली अनेकदा दुपारी मिळते. लवकर आल्यास जादा किती घेणार, हे आधीच फोन करून विचारा. केवळ अंघोळ आणि थोडा आराम हवा असेल, तर रेल्वेची रिटायरिंग रूम पुरते. त्यासाठी कन्फर्म किंवा आरएसी तिकीट लागते. मुंबई सेंट्रलला २०२१ मध्ये पॉड हॉटेलही सुरू झाले.

भाडे, कर, प्रवास आणि जादा तास यांची बेरीज करा, मगच बुकिंगचे बटण दाबा.