उताराला न्यूट्रल नको

इंधन वाचवण्यासाठी घाटात गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय कार्बोरेटरच्या काळातली आहे. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून अॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंजेक्टर बंद होतात आणि चाकेच इंजिन फिरवत राहतात. डॅशबोर्डवरचा तात्कालिक मायलेजचा आकडा तेव्हा टोकाला जातो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतच राहते. शिवाय सारा भार ब्रेकवर येतो, आणि कसारा घाटासारख्या लांब उतारावर तापलेले ब्रेक दगा देतात. ही जोखीम कुठल्याही बचतीसाठी घेऊ नये.

सपाट रस्त्यावर इंधन वाचवायला वेगच निर्णायक. ताशी ८० वरून १०० किलोमीटरवर गेल्यास हवेचा विरोध दीडपटीहून अधिक होतो. बचतीसाठी टायरमधली हवाही महिन्यातून एकदा, टायर थंड असताना तपासावी.