तोफ आणि शेंडी

नादसाम्यावरून शब्दांचें कूळ ठरविण्याचा मोह आम्हां संस्कृत पढलेल्यांस विशेष होतो. तो किती फसवा असतो, हें एका लहानशा शब्दावरून वाचकांस दाखवावें असें आम्हांस वाटतें. तुर्कीतील 'तोप' व डच भाषेंतील 'तॉप' हे शब्द रोमन लिपींत अगदीं एकसारखे लिहिले जातात; पण त्यांचें परस्परांशीं कांहींच नातें नाहीं.

तुर्की 'तोप' म्हणजे वाटोळी वस्तु, चेंडू; आणि गोळा फेकणारें यंत्र, म्हणजे आपली तोफ, तीही 'तोप'च. इस्तंबूल शहरांत 'तोपहाने' नांवाचा भाग आहे. अहिल्यानगरांत 'तोफखाना' आहे. शब्द एकच!

हा शब्द दक्षिणेंत एकटा वावरला नाहीं. तुर्की ओतारीही येथें आले. इ. स. १५४९ मध्यें अहमदनगरास निजामशाहींत एक प्रचंड तोफ ओतली गेली. ओतणारा महंमद 'रूमी', म्हणजे उस्मानी तुर्कांच्या मुलुखांतला. लांबी १४ फुटांहून अधिक, आणि तोंड हत्ती गिळणाऱ्या सिंहाच्या जबड्याचें. आमच्या धाराशिव जिल्ह्यांतील परंड्याच्या किल्ल्यावर ती होती. १६३२ मध्यें ती विजापुरास नेली. तिचें नांव 'मलिक-ए-मैदान', रणांगणाचा स्वामी. मराठी जिभेनें 'मलिक'चा 'मुलूख' केला, आणि आज फर्ड्या वक्त्यासही आपण 'मुलूखमैदान तोफ' म्हणतों.

आतां डच शब्द पाहूं. 'तॉप' म्हणजे शेंडा, मग तो वृक्षाचा असो वा पर्वताचा. याच कुळांतील जर्मन शब्दाचा अर्थ मात्र वेणी! केसांच्या झुपक्यावरून टोंकाचा अर्थ निघाला. आपल्याकडे शिखा आणि शिखर, शेंडी आणि शेंडा, यांची जोडी हेंच सांगत नाहीं काय?

मौज ही कीं, ज्यांचा नाद जुळतो ते 'तोप' व 'तॉप' परके ठरले, आणि ज्यांचा नाद मुळींच जुळत नाहीं ते 'तॉप' व 'शिखर' अर्थाच्या एकाच वाटेनें चालले.

म्हणून घरांतील मुलांनीं शब्दाचें मूळ विचारलें, तर कानावर विसंबूं नये. तो कोणाच्या हातून व कोणत्या वाटेनें आला, हें पाहावें. 'तोफ' परकी म्हणून कोशांतून काढावी म्हणणाऱ्यास परंड्याच्या बुरुजांचा इतिहासही काढून टाकावा लागेल.